ब्रेकमधली खिडकी

गाडीच्या शेवटच्या टोकाकडे प्रवासी सहसा फिरकत नाहीत. फलाटावर आलेला माणूस आपला डबा शोधतो, फार तर मुलाला इंजिन दाखवायला पुढे नेतो. मागे जाऊन बघण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. माझी सगळी नोकरी त्या टोकाला झाली. आधी मालगाडीचा गार्ड, मग पॅसेंजरचा, शेवटची वर्षं मेल-एक्स्प्रेसचा. हेडक्वार्टर पुणे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने या पदाला ट्रेन मॅनेजर असं नाव दिलं, पण मी ज्या कामाबद्दल लिहितोय ते गार्डाचंच.

गाडीत बसायला सगळ्यात चांगली जागा कुठली, हे लोक मला हक्काने विचारतात. नातेवाईक तर तिकीट काढायच्या आधी फोन करतात. त्यांना मी त्यांच्या सोयीचं उत्तर देतो, ते पुढे येईलच. पण माझं स्वतःचं उत्तर कधी बदललं नाही. ब्रेकव्हॅनची खिडकी. आम्ही नुसतं ‘ब्रेक’ म्हणतो. आज ब्रेक कुठला लागलाय, ब्रेकमध्ये पाणी भरून ठेवा, अशी आमची भाषा.

पॅसेंजर गाडीच्या टोकाला जो एसएलआर डबा असतो त्यात थोडी बाकं प्रवाशांची, थोडी जागा सामानाची आणि एक खोली गार्डाची. खोलीत एक बाक, भिंतीवर ब्रेकपाइपचा दाब दाखवणारं घड्याळ, त्याच्याजवळ गार्डाने गाडी थांबवायचा दांडा, हँडब्रेकचं चाक आणि खाली कुत्र्याची पेटी. आपलं लोखंडी लाइन बॉक्स कोपऱ्यात सरकवलं, झेंड्या आणि बत्ती हाताशी ठेवल्या, घड्याळाचा काटा पाचाच्या आसपास स्थिर आहे हे पाहिलं, की गाडी ताब्यात आली. ड्रायव्हर गाडी चालवतो हे खरं, पण गार्डाने झेंडी दाखवल्याशिवाय ती फलाट सोडत नाही.

या खोलीला दोन्ही बाजूंना दारं-खिडक्या असतात. प्रवासी एका खिडकीशी बसला की प्रवासभर एकाच बाजूचं जग बघतो. गार्डाला दोन्हीकडे बघावंच लागतं. न थांबता स्टेशन ओलांडताना एका बाजूला स्टेशन मास्तर हिरवी झेंडी घेऊन उभा असतो, दुसऱ्या बाजूला पॉइंट्समन. गाडी पुढून जात असताना ते तिच्यावरून नजर फिरवतात. एखादं चाक तापलंय का, कुठे ठिणग्या उडतायत का, खाली काही लोंबतंय का. मी दोघांनाही झेंडी दाखवायची, त्यांनी मला. रात्री हेच हिरव्या बत्तीवर. शेवटच्या डब्याच्या पाठीवर ‘एलव्ही’ची पाटी असते, अंधारात लाल दिवा. मास्तर ती पाटी डोळ्यांनी पाहतो. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्येच तुटून काही डबे मागे राहिले नाहीत. त्याची खात्री झाली की मग मागच्या सेक्शनमध्ये दुसरी गाडी घेता येते. गाडी पुरी झाल्याची खूण मी बसायचो तिथेच लावलेली असायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

सरळ रुळावर या खिडकीतून फारसं दिसत नाही, पुढच्या डब्यांच्या भिंती एकामागे एक लपलेल्या असतात. वळण आलं की गाडी उलगडते. पुणे-मिरज मार्गावर हे सुख भरपूर. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. आळंदी सोडल्यावर शिंदवण्याचा घाट, पुढे सालप्याहून आदर्कीकडे चढताना दुसरा. रूळ डोंगराच्या कडेकडेने असा काही वळत जातो की इंजिन उजवीकडे दिसतं न दिसतं तोच डावीकडे जावं लागतं. वळणावर गाडी बघणं हे गार्डाचं कामच. धूर आहे का, सामानाचं दार उघडं राहिलंय का, पायरीवर कुणी लोंबकळतंय का. पण काम करता करता इतर गोष्टीही दिसतातच. खिडक्यांतून बाहेर आलेले हात, कुणाच्या ओढणीचं टोक, जेजुरीच्या अलीकडे गडाच्या दिशेने जोडलेले हात. खंडोबाचा गड दिसायला लागला की एका बाजूच्या साऱ्या खिडक्यांत हालचाल सुरू व्हायची. डब्यात बसलेल्याला फार तर आपल्या बाकावरची माणसं हात जोडताना दिसतात. मला अख्खी गाडी नमस्कार करताना दिसायची.

भोर घाटाबद्दल मात्र सवडीने लिहायला हवं.

कर्जतला गाडी थांबते तेव्हा डब्यांतली माणसं दिवाडकरांचा वडा घ्यायला दारात येतात. त्याच वेळी मागे माझ्या ब्रेकला बँकर लागायचे, गाडी वर ढकलणारी जादा इंजिनं. कर्जत ते लोणावळा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा फार मोठा चढ आहे, एका इंजिनाला लांब गाडी घेऊन तो झेपत नाही. बँकर लागताना एक हलका धक्का बसतो. पुढच्या डब्यांतल्या प्रवाशाला तो जाणवतही नाही, माझा कप मात्र बशीत वाजायचा. पुढच्या इंजिनाने शिट्टी द्यायची, बँकरने मागून तशीच परत द्यायची, आणि मग पुढून ओढ आणि मागून रेटा असा दोन्हीकडचा जोर एकदम लागायचा. काही ब्रेकना मागच्या भिंतीत खिडकी असते. असा ब्रेक मिळाला की सबंध घाटभर बँकरचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. काचेमागे बँकरचा ड्रायव्हर, इकडे मी. बोलणं शक्यच नव्हतं, आवाज इतका असायचा. तरी ओळखीचा असला की त्याने पाण्याची बाटली उंचावून विचारायचं, मी मान हलवायची. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. एका बोगद्यातून गाडी निघते तोच दुसरा. बोगद्यात तो आवाज भिंतींवरून परत येऊन छातीत बसतो. कुणी म्हणेल, ही कसली आवडती जागा! पण गाडी नावाच्या वस्तूचं वजन किती, ती वर नेण्यासाठी काय लागतं, हे तिथे अंगाला कळतं. खुर्चीवर रेलून डोंगर बघणाऱ्याला ते कळत नाही.

जुलै-ऑगस्टात दरीकडची खिडकी उघडली की ढग आत यायचे. दप्तराचे कागद ओले व्हायचे म्हणून मी जर्नल बॉक्समध्ये ठेवून द्यायचो आणि वेळा तळहातावर लिहून घ्यायचो. कड्यावरून पडणारं पाणी कधी कधी थेट ब्रेकच्या टपावर. त्या पावसात रुळाकडेला, रेनकोट घातलेला, हातात बत्ती घेतलेला गस्तीचा माणूस उभा असायचा. घाटात हिल गँग म्हणून एक टोळी असते. पावसाळ्याच्या आधी ही माणसं दोराला लटकून कड्यावरचे सुटे दगड पाडतात, नंतर ते गाडीवर येऊ नयेत म्हणून. मी त्यांना कड्यावर लटकलेलं पाहिलंय. धबधब्याचे फोटो काढणाऱ्या प्रवाशांना ही माणसं दिसावीत असं मला फार वाटायचं. ब्रेकमधून दिसायची, कारण गाडी पुढे निघून गेल्यावर ती बाजूला सरकलेली माणसं पुन्हा रुळावर येतात, आणि मागे बघणारा एकटा गार्डच असतो.

हा घाट १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याचा एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव तरी राहिलं. पटकी आणि तापाने इथे हजारोंनी मजूर मेले, त्यांचं एकाचंही नाव घाटात कुठे लिहिलेलं नाही. सुरुवातीला खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाला जायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढची चढण. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून ती अडचण संपवली. म्हणजे आमच्या आधीच्या गार्डांचा ब्रेक घाटात मधूनच गाडीच्या पुढच्या टोकाला यायचा. ते दृश्य बघायला मिळालं असतं तर, असं नेहमी वाटतं.

उतरताना घाट वेगळा. गाडी हळू, आणि ठरलेल्या जागी पुरती थांबवायचीच. कारण तिथे कॅच सायडिंग असतं. ब्रेक न लागलेली गाडी सुटलीच तर ती मुख्य मार्गावर न जाता चढाच्या बाजूच्या रुळावर जाऊन अडते. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवलं की मगच पुढचा रस्ता मिळतो. डब्यात लोक कुरकुरतात, रानात कशाला थांबवली म्हणून. मला त्या थांब्याचा कधी कंटाळा आला नाही. चाकांना घासून तापलेल्या ब्रेकचा वास ब्रेकमध्ये भरून राहायचा, आणि तो वास म्हणजे सगळं ठीक चालल्याची साक्ष.

आता नातेवाइकांचा प्रश्न. झोपून जायचं असेल तर डब्याच्या मधली जागा घ्या. डब्याच्या दोन्ही टोकांना खाली चाकांची ट्रॉली असते, दणके तिथे जास्त. शिवाय दार आणि संडास जवळ, रात्रभर ये-जा. बहात्तर बर्थच्या जुन्या स्लीपरमध्ये तेहेतीस ते चाळीस हा मधला कप्पा. नव्या एलएचबी स्लीपरमध्ये ऐंशी बर्थ असतात, तिथेही मधलेच कप्पे. एकट्याने दिवसाचा प्रवास असेल तर साइड लोअर. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये खिडकी, कुणाची मांडी ओलांडून जावं लागत नाही. आरएसी निघालं तर मात्र त्याच बर्थवर दोघं, मग समोरचा माणूस कसा निघतो त्यावर सगळं. मला तरी बहुतेक वेळा चांगलाच मिळाला. ड्यूटी संपवून परत हेडक्वार्टरला प्रवासी म्हणून यायचं, याला आम्ही स्पेअर येणं म्हणतो. स्पेअर येताना जागेचा हक्क सांगू नये, असं मला माझ्या सीनियरने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. म्हणून मी बऱ्याचदा दाराजवळच उभा असायचो.

दार ही जागा मला आवडते आणि मी ती कुणालाही सुचवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच आहे. बंद दाराच्या खिडकीतून खाली नारळीची टोकं दिसतात तेव्हा पोटात खड्डा पडतो. पण पायरीवर बसलेल्यांचं पुढे काय होतं हेही मी पाहिलंय, आणि पंचनाम्यासाठी रुळावर उतरून थांबलोय. पायरीवरून प्रवास करणं रेल्वे कायद्याच्या १५६ कलमाखाली गुन्हा आहे, हे मी पोरांना सांगायचो. ती हसायची. मग मी कलम सोडून दिलं आणि नुसतं म्हणायला लागलो, ‘‘बाळांनो, सिग्नलचा खांब गाडीपासून किती लांब असतो ते पुढच्या स्टेशनात खाली उतरून बघा.’’ काही जण खरंच उतरून बघायची, आणि मग आत बसायची.

गाडीत बसायची राजेशाही जागा म्हणाल तर डेक्कन क्वीनची डायनिंग कार. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि टेबल-खुर्ची मांडून जेवायची सोय तिने आजवर टिकवली. २०२२ मध्ये गाडीला नवे एलएचबी डबे आले, तेव्हाही डायनिंग कार नव्याने बांधून दिली. सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटलेल्या गाडीत लोणावळा गेल्यावर टेबलाशी बसायचं, चीज टोस्ट आणि चहा मागवायचा. घाट उतरायला लागला की वेटर किटली वेगळ्या पद्धतीने धरतो, मनगट सैल ठेवून. गाडी ज्या बाजूला कलते तिकडे हात आपोआप जातो आणि चहा कपाबाहेर सांडत नाही. त्या टेबलांवर मी पासधारकांच्या दोन-दोन पिढ्या पाहिल्या. कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा शेवटचा दिवस. निवृत्त होणाऱ्याला त्याचा ग्रुप शाल-नारळ देतो, डब्यात भाषणं होतात. स्पेअर येताना अशा एका समारंभात मलाही पेढा मिळाला होता आणि ‘‘गार्डसाहेब, दोन शब्द बोला’’ म्हणून उभं केलं होतं. मी म्हणालो, तुम्ही रोज वेळेवर पोहोचावं म्हणून मागे एक माणूस बसलेला असतो, त्याच्या वतीने शुभेच्छा. टाळ्या पडल्या. इतर गाड्यांतून अशी टेबलं गेली. ताटं आता मांडीवर येतात आणि शेजाऱ्याशी बोलायचं निमित्तही त्यांच्याबरोबर गेलं, याचं मला वाईट वाटतं.

पण मनातली जागा विचारलीत तर ती चालत्या गाडीतली नाही. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी लूपमध्ये उभी असलेली रात्रीची पॅसेंजर. समोरून एक्स्प्रेस यायचीय, ती गेल्याशिवाय सुटका नाही. शिंदवणे, आंबळे, आदर्की ही सगळी तेव्हा अशीच स्टेशनं होती. फलाटावर दोन दिवे. डब्यांतून आधी आवाज येतो, मग तो कमी होतो, मग बाळाच्या रडण्याखेरीज काही नाही. मी ब्रेकच्या दारात उभा राहायचो.

अशाच एका रात्री कुत्र्याच्या पेटीत एक अल्सेशियन होता. त्याचा मालक पुढे वातानुकूलित डब्यात. पुण्यापासून तो सारखा विव्हळत होता. लूपमध्ये गाडी थांबली आणि तो एकदम गप्प झाला, त्याचीच मला जास्त काळजी वाटली. बत्ती खाली धरून बघितलं तर जाळीला नाक लावून तो बाहेरचा वास घेत होता. मास्तर झेंडी गुंडाळत आले.

‘‘किती वेळ, मास्तर?’’

‘‘अर्धा तास तरी धरा. चहा टाकलाय. हा कोण पाहुणा?’’

‘‘कोल्हापूरला चाललाय.’’

‘‘पाणी दिलं का त्याला?’’

दिलं होतं, पण चालत्या गाडीत त्याने तोंड लावलं नव्हतं. मास्तरांनी ऑफिसातून वाटी आणली. पेटीचं दार उघडायचं नाही हा नियम, म्हणून जाळीच्या फटीतून थोडं थोडं आत ओतलं. लपालपा प्यायला. आम्ही दोघं खाली दगडी काठावर बसून चहा घेतला. मास्तर नवीन होते, घर परभणीकडे, कुटुंब अजून तिकडेच. अशा स्टेशनात रात्रीची ड्यूटी करणाऱ्या माणसाला गाडीतल्या गार्डाशी होणारं बोलणं हेच पुष्कळदा दिवसाचं एकमेव मोकळं बोलणं असतं. एक्स्प्रेस आली, धडधडत गेली, तिच्या गार्डाने आम्हाला हिरवी बत्ती दाखवली, आम्ही त्याला. दुहेरीकरण जसजसं पुढे सरकलं तसे हे थांबे कमी झाले. प्रवाशांचा वेळ वाचला, ते व्हायलाच हवं होतं. मास्तरांशी भेट मात्र आता झेंडीपुरतीच.

नव्या गाड्यांबद्दल मला तक्रार नाही. जनरेटर कार असलेल्या गाड्यांत गार्डाची खोली जनरेटरच्या डब्यातच असते, आणि तो आवाज, ती डिझेलची उष्णता सोसत आम्ही रात्री काढल्या. पुढे इंजिनातूनच, वरच्या तारेची वीज डब्यांना मिळायला लागली आणि जनरेटर बंद राहू लागले. त्या दिवसापासून ब्रेकमध्ये पुन्हा रुळांचा आवाज ऐकू यायला लागला. पुणे-दौंड मार्गावर डेमू आली तेव्हा तर गार्डाला मागच्या इंजिनाची केबिनच मिळाली. समोर मोठी काच, आणि मागे पळणारे दोन्ही रूळ एकदम डोळ्यांसमोर. एवढं मोकळं आकाश ब्रेकमध्ये कधी मिळालं नव्हतं. दुधाचे कॅन खिडक्यांच्या गजांना अडकवलेली जुनी दौंड पॅसेंजर मी चालवली होती, म्हणून त्या काचेसमोर बसताना मन भरून यायचं.

एकच मागणं आहे. सगळ्या डब्यांना बंद काचा लावू नका. दोन तरी डबे उघडत्या खिडक्यांचे ठेवा, आणि गार्डाची खिडकी तर उघडलीच पाहिजे. तापलेल्या चाकाचा वास काचेतून येत नाही. चाक वाकडं वाजतंय हे बंद काचेआड कळत नाही. हे मी प्रशिक्षणाला आलेल्या मुलामुलींनाही सांगत असे.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण ट्रेन मॅनेजर घरी आली होती. तिला मिरज मार्गाची ड्यूटी लागली होती आणि घाटात कुठल्या बाजूला उभं राहायचं ते विचारायचं होतं. मी कागदावर आदर्कीची वळणं काढून दाखवली. वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या खिडकीत उभं राहायचं, बाहेरच्या अंगाने आपलीच गाडी दिसत नाही. एका वळणातून दुसऱ्यात जाताना बाजू बदलायची, तेव्हा लाइन बॉक्स वाटेत ठेवायचं नाही, गुडघा फुटतो. तिने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाली, ‘‘सर, आता लाइन बॉक्स नाही, ट्रॉली बॅग आहे.’’ मग ट्रॉली बॅग, म्हटलं, चाकांना अडण लावून ठेव, चढावर ती मागे धावेल.